ईपीआर रजिस्ट्रेशनची सर्व्हिस : काम चोख, फोन मात्र उचलत नाहीत

शिरोली एमआयडीसीत आमचं चटणी-मसाल्याचं युनिट आहे, मध्यम उद्योगात मोडतंय म्हणून प्लास्टिक पॅकिंगचं ईपीआर (म्हणजे आपल्या पॅकिंगच्या प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी आपणच घ्यायची, तो नियम) रजिस्ट्रेशन करणं भागच होतं. शाहूपुरीतल्या एका कन्सल्टंटकडं काम दिलं, नाव लिहीत नाही.

माणूस विषयातला पक्का आहे. पहिल्यांदाच विचारलं, माल कुठं कुठं जातोय? महाराष्ट्र आणि कर्नाटक एवढंच असतं तर राज्याच्या प्रदूषण मंडळाकडं झालं असतं, पण आमचा माल गोव्यालाबी जातोय, म्हणजे दोनपेक्षा जास्त राज्यं, मग थेट केंद्रीय मंडळाकडं अर्ज. वर्षाला हजार टनाच्या आत प्लास्टिक असलं तर सरकारी फी 10,000, ती वेगळी आणि ह्यांची फी वेगळी, हे आधीच स्पष्ट सांगितलं ते बरं केलं.

मग कांदा-लसूण चटणीचा पाऊच टेबलावरच कात्रीनं कापला आणि आतला ॲल्युमिनियम फॉईलचा थर दाखवला. फॉईल असलं की कॅटेगरी तीन, नुसत्या प्लास्टिकचेच थर असले तर कॅटेगरी दोन, बरणी कॅटेगरी एक. आमचा अकाउंटंट सगळं एकाच खात्यात टाकून मोकळा होणार होता!

बोंब एकच, वार्षिक रिटर्नची तारीख 30 जून आणि जूनमध्येच हे गायब, मेसेजला उत्तर दोन दोन दिवसांनी. शेवटी ऑफिसात जाऊन बसलो तेव्हा भरलं. आणि हो, शेजारच्या छोट्या लोणचंवाल्याला, तू सूक्ष्म उद्योगातला ब्रँड ओनर (स्वतःच्या ब्रँडनं माल विकणारा) आहेस, तुला ह्याची गरज नाही म्हणून पैसे न घेता परत पाठवलं, ते लई आवडलं. पाचपैकी चार.