फीडशिपची ‘ब्रेकथ्रू’: नांगरावर धूर न सोडणारी सुपरयॉट

जहाज नांगर टाकून उभे राहिले की ते विश्रांती घेत आहे असे किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला वाटते. इंजिनरूममध्ये ज्याने वॉच, म्हणजे पाळीची ड्यूटी, केला आहे त्याला मात्र ठाऊक असते की मुख्य इंजिन थंड झाले तरी जनरेटर अहोरात्र चालूच असतात. व्यापारी जहाजांवरील नोकरीत माझ्या कितीतरी रात्री मुंबई बंदराबाहेर नांगरावर गेल्या. कंट्रोल रूमच्या टेबलावर ठेवलेल्या चहावर जनरेटरच्या कंपाने बारीक वर्तुळे उठत राहत, आणि सकाळी डेकवर आले की फनेलच्या, म्हणजे जहाजाच्या धुराड्याच्या, मागे पांढऱ्या रंगावर काजळीचे कण पडलेले दिसत. त्यामुळे नेदरलँड्समधील फीडशिपने बांधलेल्या ‘ब्रेकथ्रू’ या 118.8 मीटर लांबीच्या सुपरयॉटविषयी, म्हणजे आलिशान खासगी नौकेविषयी, वाचायला घेतले तेव्हा तिच्या वेगाआधी मी एकच गोष्ट शोधली, ती म्हणजे उभी असताना ही नौका काय जाळते.

उत्तर असे आहे की ती काहीच जाळत नाही. मे 2024 मध्ये ॲमस्टरडॅमच्या गोदीतून पाण्यात उतरलेल्या या नौकेत द्रवरूप हायड्रोजनवर चालणारे, इंधन न जाळता वीज तयार करणारे फ्यूल सेल बसवलेले आहेत, आणि एवढ्या मोठ्या आकाराच्या यॉटवर असा प्रयोग त्याआधी झालेला नव्हता. फीडशिपच्या दृष्टीने ही वाट अगदी नवी मात्र नाही. 2015 मध्ये त्यांनी बांधलेली ‘सव्हाना’ ही संकरित (इंजिन आणि बॅटरी दोन्हींच्या) विद्युत प्रणालीची पहिली सुपरयॉट म्हणून ओळखली जाते, आणि ‘ब्रेकथ्रू’चा विचार त्याच घराण्यातला आहे.

या विचाराचा पाया मला अतिशय पक्का वाटतो. अशा नौका वर्षातील बहुतेक काळ एखाद्या खाडीत किंवा बंदरात उभ्या असतात. वातानुकूलन, स्वयंपाकघर, दिवे, पाणी गोडे करण्याची यंत्रे आणि धुलाईघर यांचा भार मात्र अखंड चालू राहतो. या भाराला ‘हॉटेल लोड’ म्हणतात, आणि बांधणाऱ्यांच्या हिशोबानुसार वर्षभराच्या ऊर्जेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा तोच घेतो. तरीही सुपरयॉटच्या जाहिरातींत वर्षानुवर्षे कमाल वेगाचाच आकडा सर्वात मोठ्या अक्षरांत छापला जात आला. येथे आराखडा करणाऱ्यांनी आधी हॉटेल लोडचा प्रश्न हाती घेतला आणि सर्वात अवघड, सर्वात खर्चिक यंत्रणा त्यासाठी राखून ठेवली, ही या नौकेतील मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट आहे.

यंत्रणेत एकूण सोळा फ्यूल सेल असून त्यांची एकत्रित क्षमता सुमारे 3 मेगावॅट आहे. फ्यूल सेलमध्ये ज्वलन होत नाही. हायड्रोजनच्या अणूतील प्रोटॉन एका पातळ पटलातून पलीकडे जातो, इलेक्ट्रॉनला मात्र बाहेरच्या तारेतून वळसा घालून जावे लागते आणि त्या वळशातच वीज मिळते. पलीकडे हवेतील ऑक्सिजनशी दोघांची पुन्हा गाठ पडून पाण्याची वाफ होते. पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही; फिरणारे म्हणावे तर हवेचे ब्लोअर आणि पंप एवढेच. शिवाय या क्रियेत निघणारी उष्णता वाया न घालवता ती पोहण्याच्या तलावाचे पाणी, स्नानगृहांची जमीन आणि टॉवेल सुकवण्याच्या दांड्या गरम करण्यासाठी वळवलेली आहे. उष्णतेचा हिशोब ठेवणाऱ्या कोणत्याही इंजिनिअरला या तपशिलाने समाधान वाटेल.

खरी परीक्षा आहे ती साठवणुकीची. हायड्रोजन द्रवरूपात ठेवायचा तर उणे 253 अंश सेल्सिअस तापमान सांभाळावे लागते, आणि हे तापमान इतके कमी आहे की नळीचे आवरण कुठे उघडे पडले तर तिच्याभोवतीची हवाच द्रवरूप होऊन ठिबकू लागेल, कारण ऑक्सिजन उणे 183 अंशांवर आणि नायट्रोजन उणे 196 अंशांवर द्रव होतो. ‘ब्रेकथ्रू’वर यासाठी दुहेरी भिंतींची 92 घनमीटरची टाकी स्वतंत्र कक्षात बसवली असून तिच्यात सुमारे 4 टन हायड्रोजन मावतो. हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो, म्हणून त्या कक्षाची हवा खेळती ठेवण्याची आणि गळालेला वायू उंचावर नेऊन सोडण्याची व्यवस्था हा आराखड्याचा गाभाच ठरतो. यॉटवर असा साठा करण्यासाठी तयार नियमावली हाताशी नव्हती. लॉइड्स रजिस्टर या, जहाजांची सुरक्षितता तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्थेच्या सोबतीने सुरक्षिततेची चौकट बांधकामाबरोबरच घडवावी लागली. पुढच्या जहाजांना ती उपयोगी पडेल, आणि या कामाचे श्रेय बांधणाऱ्यांना मनापासून द्यायला हवे.

आता कामगिरी. 4 टन हायड्रोजनमध्ये सुमारे 133 मेगावॅट-तास ऊर्जा असते. फ्यूल सेलची कार्यक्षमता निम्मी धरली तर हाती साधारण 66 मेगावॅट-तास वीज येते, म्हणजे आठवडाभर सरासरी 400 किलोवॅटचा भार पेलता येतो. नांगरावर आठवडाभर धुराविना राहण्याचा बांधणाऱ्यांचा दावा या गणिताशी जुळतो. बंदरातून बाहेर पडताना किंवा संरक्षित सागरी क्षेत्रातून जाताना 10 नॉट (तासाला 10 सागरी मैल) वेगानेही ती हायड्रोजनवर चालू शकते. पण 3 मेगावॅटची पूर्ण शक्ती अखंड काढत राहिले तर बावीस तासांत टाकी रिकामी होईल. बावीस तासांत 10 नॉटने सुमारे 220 सागरी मैल होतात, म्हणजे जवळजवळ मुंबई ते गोव्यातील मुरगाव बंदर. महासागर ओलांडण्यासाठी हा साठा पुरणे शक्य नाही, आणि तसा आव बांधणाऱ्यांनी आणलेलाही नाही: लांबच्या पल्ल्यासाठी वनस्पती तेलापासून प्रक्रिया करून केलेल्या एचव्हीओ या डिझेलसदृश इंधनावर चालणारे एमटीयू या जर्मन कंपनीचे जनरेटर दिलेले आहेत.

जागेची किंमत मात्र जबर मोजावी लागली आहे. एवढीच ऊर्जा डिझेलमधून घ्यायची तर सुमारे 13 घनमीटरची टाकी पुरली असती. येथे ती 92 घनमीटरची आहे, वर तिचा कक्ष आणि वायू बाहेर नेणाऱ्या वाहिन्या वेगळ्याच. मालवाहू जहाजावर असा कक्ष मागितला तर मालक आधी किती माल कमी भरावा लागेल ते विचारील. या नौकेच्या मालकाने ती जागा दिली म्हणून हा प्रयोग समुद्रावर आला.

प्रणोदनासाठी, म्हणजे नौका पुढे ढकलण्यासाठी, एबीबी या कंपनीचे दोन विद्युत पॉड वापरलेले आहेत. मोटर जहाजाच्या तळाखाली, फिरू शकणाऱ्या कवचात बसते, त्यामुळे लांब शाफ्ट आणि वेगळे सुकाणू दोन्ही लागत नाहीत. फ्यूल सेल, बॅटरी आणि जनरेटर सगळे एकाच डीसी (एकदिश प्रवाहाच्या) जाळ्याला वीज पुरवतात आणि त्या वेळी कोणता स्रोत वापरायचा हे इंजिनिअर ठरवू शकतो. सुमारे 17 नॉटचा कमाल वेग या आकाराच्या यॉटसाठी पुरेसा आहे.

बाह्यरूप आणि अंतर्गत सजावट दोन्ही आरडब्ल्यूडी या ब्रिटिश संस्थेची आहे. पाण्याशी जवळीक साधण्यावर त्यांनी भर दिला: बाहेर उघडणाऱ्या 14 बाल्कन्या, कडेला खाली उतरणारे 7 मंच, आणि जलरेषेखाली काचेतून समुद्र दाखवणारा ‘नीमो लाउंज’. दिसायला हे सुंदरच आहे, परंतु नौकेच्या कवचातील प्रत्येक उघडा भाग म्हणजे एक सील, एक हायड्रॉलिक जोड आणि खाऱ्या पाण्याशी रोजची झुंज असते. एवढ्या दारांची देखभाल खलाशांना वर्षानुवर्षे करावी लागणार आहे, आणि थोडी कमी दारे ठेवली असती तर माझ्या मते नौकेचे काही बिघडले नसते.

माझा मुख्य आक्षेप मात्र नौकेबाहेरचा आहे. जगातील बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो, आणि तो द्रवरूप करण्यासाठीच त्यातील ऊर्जेच्या साधारण तृतीयांशाएवढी वीज खर्ची पडते. नॉर्वेत 2023 पासून द्रवरूप हायड्रोजनवर धावणाऱ्या ‘हायड्रा’ या फेरीबोटीसाठी इंधन थेट जर्मनीतून टँकरने आणावे लागले. ठरलेल्या मार्गावर ये-जा करणाऱ्या फेरीबोटीचीही ही अवस्था असेल, तर आज भूमध्य समुद्रात आणि उद्या कॅरिबियनमध्ये असणाऱ्या यॉटला टाकी भरून देणारे बंदर शोधणे हेच चीफ इंजिनिअरचे मोठे काम होऊन बसेल. हायड्रोजन मिळाला नाही तर ही नौका एचव्हीओवर चालणारी, चांगल्या बांधणीची, पण नेहमीसारखी यॉट उरते.

एवढे असूनही मी या नौकेला वरचे गुण देतो, आणि त्याचे कारण ते 400 किलोवॅटच आहेत. मी ज्या बल्क कॅरियरवर, म्हणजे कोळसा, धान्य असा सुटा माल नेणाऱ्या जहाजांवर, काम केले त्यांचा नांगरावरचा भार साधारण एवढाच असे. धक्का मिळण्याची वाट पाहत बंदराबाहेर आठ-आठ दिवस उभ्या राहणाऱ्या अशा जहाजावर या मापाची यंत्रणा बसली, तर तिथला जनरेटर बंद ठेवता येईल आणि टेबलावरचा चहा स्थिर राहील.