टर्नटेबल की डिजिटल प्लेअर: पैसा कुठे वसूल होतो?

टर्नटेबलचा, म्हणजे रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्राचा, खर्च मोजताना नुसत्या यंत्राची किंमत धरून भागत नाही. कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग), फोनो प्रीअँप (त्यातून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारं उपकरण), अँप्लिफायर आणि स्पीकर असं सगळं जमलं की मगच संच वाजतो. त्यातही हात सैल सोडायचा तो कार्ट्रिजवर, असं माझं ठाम मत आहे. रेकॉर्डच्या खाचेतून आवाज उचलते ती त्यातली सुईच, आणि झिजलेली सुई रेकॉर्डचीही नासाडी करते. शिवाय एलपीच्या, म्हणजे मोठ्या रेकॉर्डच्या, एका बाजूला साधारण २० ते २२ मिनिटांचंच संगीत. मग उठून ती उलटायची.

डिजिटल प्लेअरला एक चांगला हेडफोन जोडला की झालं. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची, म्हणजे सीडीच्याच दर्जाची, फ्लॅक फाइल (आवाजातलं काहीही न गमावता साठवणारा फाइलचा प्रकार) सीडीवरचा आवाज जसाच्या तसा जपते, कितीही वेळा ऐका. बॅटरी मात्र काही वर्षांत थकते.

स्वच्छ आवाज हाच निकष असेल, तर तेवढ्याच पैशात डिजिटल नक्कीच वरचढ. पण घरात जुन्या रेकॉर्ड असतील आणि अख्खा अल्बम निवांत ऐकायला आवडत असेल, तर टर्नटेबल जरूर घ्या. फक्त सुईचा दाब कमी-जास्त करता येतो ना, हे आधी बघा. बऱ्याच स्वस्त सुटकेस प्लेअरमध्ये ती सोय नसते.