साधा ईसीजी की २४ तासांचा होल्टर? हार्ट ॲटॅकनंतरचा धोका जोखताना

हार्ट ॲटॅकनंतर ‘पेशंट वाचेल ना?’ या एका प्रश्नात दोन प्रश्न असतात: पुढचा महिना, आणि पुढची दोन-तीन वर्षं. पहिल्याचं उत्तर साध्या बारा लीडच्या (हृदयाकडे बारा बाजूंनी बघणाऱ्या) ईसीजीत मिळतं. होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं, दिवसभर ईसीजी नोंदवणारं यंत्र, दुसऱ्याबद्दल बोलतो, आणि तोही अर्धवट.

साध्या ईसीजीत सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे उचललेला एसटी भाग (ठोक्याच्या टोकदार लाटेनंतरची रेघ, जी ॲटॅकमध्ये वर चढते) किती आणि किती लवकर खाली येतो. उपचाराआधीची पट्टी आणि ६० ते ९० मिनिटांनंतरची पट्टी शेजारी ठेवायची. एसटी ४ मिलिमीटरवरून १ वर आला, तर ७५ टक्के उतार. ७० टक्के किंवा जास्त उतार म्हणजे अंदाज चांगला. ३० टक्क्यांहून कमी असेल, तर अँजिओग्राफीत मोठी रक्तवाहिनी मोकळी दिसत असली तरी स्नायूतल्या बारीक वाहिन्यांत रक्त नीट पोचत नसावं, आणि अशा पेशंटांत मृत्यूचं प्रमाण जास्त असतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिल्यावर उतार ५० टक्क्यांच्या आत राहिला, तर वाट न बघता अँजिओप्लास्टीकडे वळायचं. म्हणजे इथे आकडा हाती आला की पुढचं पाऊलही ठरतं.

ही मोजणी बिघडते ती फालतू कारणांनी. दुसऱ्या वेळी छातीवरचा इलेक्ट्रोड एका बरगडीने वर लागला की एसटी उगाच उतरल्यासारखा दिसू शकतो. म्हणून इलेक्ट्रोड काढूच नयेत, किंवा जागेवर पेनाने खूण करावी. दुसरं, काही मशीन ठोक्याच्या लाटा फार उंच दिसल्या की छातीच्या लीडची उंची आपोआप अर्धी करतात. पट्टीच्या कडेचा कॅलिब्रेशनचा चौकोनी खांब १० मिलिमीटरचा आहे की ५ चा, हे आधी बघावं. याच पट्टीवर क्यूआरएस (ठोक्याची टोकदार लाट) १२० मिलिसेकंदांहून रुंद असेल किंवा बऱ्याच लीडमध्ये खोल क्यू (त्या लाटेच्या सुरुवातीचे खाली जाणारे खड्डे) असतील, तर लांबचा धोकाही वाढलेला धरावा.

होल्टरमध्ये बघतात एसडीएनएन, म्हणजे नॉर्मल ठोक्यांमधल्या अंतरांचं प्रमाण विचलन. १९८७ च्या एका अभ्यासात ८०८ पेशंटांमध्ये हा आकडा ५० मिलिसेकंदांखाली असलेल्यांचा मृत्युदर १०० च्या वर असलेल्यांच्या ५.३ पट निघाला. पण इथे खरा घोळ सॉफ्टवेअर घालतं. एक्टोपिक, म्हणजे मधेच अवेळी पडणारा, ठोका ‘नॉर्मल’ म्हणून मोजला गेला, की त्याच्या आधीचं आखूड आणि नंतरचं लांब अंतर हिशोबात येतं, एसडीएनएन फुगतो आणि आजारी हृदय ठणठणीत दिसतं. रिपोर्ट हाताने तपासलेला नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. निदान १८ तासांचं रेकॉर्डिंग हवं, त्यात रात्रीची झोप हवीच. पाच मिनिटांच्या पट्टीच्या एसडीएनएनला ५० ची मर्यादा लावणं चूक. आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल लय) किंवा सतत चालणारा पेसमेकर असेल तर हा आकडा निरर्थक.

तासाला १० हून जास्त व्हेंट्रिक्युलर (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणारे) एक्टोपिक दिसणं हीही वाईट खूण, पण ते औषधाने दाबले की धोका टळला असं नाही. ‘कास्ट’ चाचणीत फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड घेणाऱ्यांचे मृत्यू उलट वाढले, आणि १९८९ मध्ये ती औषधं थांबवावी लागली. सिग्नल-ॲव्हरेज्ड ईसीजी (अनेक ठोक्यांची सरासरी काढून बारीक लहरी दाखवणारा) नॉर्मल आला तर थोडा दिलासा मिळतो, बिघडलेला आला तर फारसं काही कळत नाही. क्यूटी डिस्पर्शन (वेगवेगळ्या लीडमध्ये मोजलेल्या क्यूटी या अंतरातला फरक) तर सोडूनच द्या.

मग होल्टरवरून आयसीडी, म्हणजे जीवघेणी लय शॉक देऊन मोडणारं यंत्र, बसवायचं का? ‘डायनामिट’ चाचणीत (२००४) इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आपल्यातलं किती रक्त बाहेर ढकलतं) ३५ टक्के किंवा कमी आणि ठोक्यांतला चढउतारही मंदावलेला किंवा सरासरी ठोके जलद, असे पेशंट घेऊन ॲटॅकनंतर ६ ते ४० दिवसांत आयसीडी बसवलं. लय बिघडून होणारे मृत्यू घटले, एकूण मृत्यू मात्र नाही. त्यामुळे तो निर्णय निदान ४० दिवसांनी, औषधं नीट चालू असताना केलेल्या इकोवर होतो.

एकच गोष्ट जमणार असेल, तर पहिल्या दीड तासातल्या दोन पट्ट्या काटेकोर काढा. होल्टर लावायचा तो चक्कर, बेशुद्धी किंवा धडधड असलेल्यांना, आणि तोही आधी लय शोधायला. एसडीएनएन त्याच्या जोडीला वाचावा.