स्ट्रिजिल: आठ महिन्यांच्या वापरानंतर, पाठ वगळून

स्ट्रिजिल म्हणजे अंगाला लावलेले तेल मळासह खरवडून काढायचे प्राचीन रोमन उपकरण. परवा माझ्या स्ट्रिजिलच्या मुठीचा डाख दुसऱ्यांदा सुटला, म्हणून हे लिहायला घेतले. अन्यथा वर्ष पूर्ण होऊ द्यायचे ठरवले होते. पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातील नमुन्यावरून केलेली ही कांस्याची प्रतिकृती मी नोकरीनिमित्त नेपल्सजवळ राहायला आल्यावर ४८ युरोंना मागवली. वाकडे पाते, त्यातील पन्हळ, पोकळ मूठ, सोबतची तेलाची कुपी आणि दोन्ही अडकवायची कडी, असा हा संच आहे.

पहिल्या महिन्यात माझे मत अत्यंत वाईट होते. अंगाला ऑलिव्ह तेल लावायचे, पाते फिरवायचे आणि मळासह तेल निपटून काढायचे, एवढेच मी ध्यानात घेतले होते. परिणामी मांडीवर ओरखडे उठले आणि अंग तेलकट ते तेलकटच राहिले. रोमन बादशहा ऑगस्टसला खाज सुटे आणि तो स्ट्रिजिल इतक्या जोराने वापरी की अंगावर गजकर्णासारखे कडक चट्टे पडले होते, असे त्याचा चरित्रकार स्युटोनियस याने लिहून ठेवले आहे. हे मी विकत घेण्यापूर्वी वाचायला हवे होते.

मत बदलले ते पॉम्पेईजवळच्या स्टाबिये येथील व्हिला सान मार्को या रोमन वाड्याचे स्नानगृह पाहून आल्यावर. चूक उपकरणाची नव्हती, माझ्या क्रमाची होती. रोमन माणूस थंड अंगावर पाते चालवत नसे. विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली जमीन, तिच्याखालून आणि भिंतींतील पोकळ कौलांमधून फिरणारी गरम हवा, अशा खोलीत तो आधी घाम येईपर्यंत बसे. तेल, घाम आणि मळ यांचा लगदा झाल्यावरच पात्याचे काम सुरू होई. मी आता न्हाणीघराचे दार लावून दहा मिनिटे गरम पाण्याची वाफ भरू देतो आणि मग मनगटाकडून कोपराकडे हलक्या हाताने पाते ओढतो. पन्हळीत ओल्या मुलतानी मातीच्या रंगाची चिकट पट्टी गोळा होते, आणि मागे राहिलेली त्वचा इतकी मऊ असते की दिवाळीच्या अभ्यंगाची आठवण यावी. अंगावरचा तेलाचा शेवटचा पातळ थर मात्र पाते काढू शकत नाही. त्यासाठी मी चिमूटभर बेसन वापरतो. रोमन लोकही लोमेंटम, म्हणजे घेवड्यासारख्या शेंगांच्या दाण्यांचे पीठ, अंगाला लावत, त्यामुळे ही लबाडी ठरू नये.

खर्चाचे सांगतो. आठवड्यातून दोनदा, दर वेळी ३० मिलिलिटर, म्हणजे आठ महिन्यांत सुमारे दोन लिटर साधे तेल लागले. टॉवेल धुण्याच्या फेऱ्या मात्र खरोखर निम्म्यावर आल्या. मार्शियल नावाच्या रोमन कवीने पर्गामम या आशिया मायनरमधील शहरातून आलेल्या स्ट्रिजिलची शिफारस नेमकी याच कारणासाठी केली होती, की अंग नीट खरवडले तर धोब्याला पंचे वारंवार झिजवावे लागत नाहीत. ही बचत तिसऱ्या महिन्यात एका झटक्यात गेली, कारण मी ती मळी मोरीत सोडत होतो आणि मोरी तुंबली. प्लंबरने ७० युरो घेतले, म्हणजे उपकरणाहून अधिक. आता मळी कागदावर पुसतो. व्यायामशाळांतील अशी खरवड ८०,००० सेस्टर्सना (सेस्टर्स हे रोमन नाणे) विकली गेल्याचे रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो, कारण ती औषध म्हणून वापरत. माझ्या खरवडीला अद्याप गिऱ्हाईक आलेले नाही.

डाख पहिल्यांदा सुटला तो पाचव्या महिन्यात. विक्रेत्याने कळवले की ही वस्तू शोभेची असून प्रत्यक्ष वापरामुळे झालेल्या बिघाडाची जबाबदारी त्यांची नाही. जाहिरातीत ‘वापरण्यायोग्य’ हा शब्द होता, हे चित्रासह दाखवल्यावर उत्तरे येणे थांबले. गल्लीतील भांडी दुरुस्त करणाऱ्याने ६ युरोंत डाख लावून दिला, तो तीन महिने टिकला. हेही मी सोसले असते.

खरा दोष पाठीचा आहे, आणि त्यावर कोणीच लिहीत नाही. पात्याचा बाक हाताला, पोटरीला, बरगड्यांना उत्तम बसतो. पण स्वतःच्या हाताने पाठीवर हे पाते चालतच नाही. ग्रीक शिल्पकार लिसिपोसचा तो प्रसिद्ध अंग खरवडणारा खेळाडूचा पुतळा, ज्याची संगमरवरी प्रत व्हॅटिकनमध्ये आहे, तोसुद्धा हातच खरवडतो आहे. सिसिलीतील व्हिला देल कासाले या रोमन वाड्याच्या मर्दनगृहातील मोझाइक पाहिल्यावर उलगडा होतो: तेथे धनी नुसता उभा आहे आणि काम सेवक करीत आहेत. म्हणजे हे एका माणसाचे उपकरण नव्हेच. मूठ दुसऱ्याच्या हातासाठी आहे, आणि तो दुसरा बहुधा गुलाम होता. माझ्या घरी बायकोने दोन वेळा पाठ खरवडून दिली आणि तिसऱ्या वेळी सांगितले, “तेल तुमचे, पाठ तुमची, तुम्हीच काय ते बघा.” तिचे बरोबर आहे, परंतु ४८ युरो देताना ही गोष्ट कोणी तरी सांगायला हवी होती.

रोमन बादशहा हेड्रियनने सार्वजनिक स्नानगृहात एका निवृत्त सैनिकाला भिंतीवर पाठ घासताना पाहिले, आणि पाठ चोळायला गुलाम नाही हे कळल्यावर त्याला गुलामही दिले आणि त्यांच्या पोटापाण्याची सोयही केली. पुढे एके दिवशी अनेक म्हातारे भिंतीला पाठ घासू लागले, तेव्हा बादशहाने त्यांना एकमेकांची पाठ घासायला सांगितले.

मुठीला पुन्हा डाख लावून घेईन, कारण हातापायांसाठी स्ट्रिजिल मला आता सोडवत नाही. पाठीसाठी मी गेले दोन महिने त्या सैनिकाचीच पद्धत वापरतो आहे. न्हाणीघराच्या चौकटीवर खांद्याच्या उंचीला तेलाचा एक पिवळट डाग पडला असून बेसनाने तो निघत नाही. घरमालक पुढच्या महिन्यात पाहणीला येणार आहेत.