नव्या इंजिनाची पेटी आणि २ टनी चेन पुली ब्लॉक

मासेमारीची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै असते आणि नौका शाकारून ठेवलेल्या असतात, त्या दोन महिन्यांतच रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरालगतच्या आमच्यासारख्या वर्कशॉपांत नवी इंजिने पेट्यांतून बाहेर निघतात. या कामासाठी यंदा आम्ही हाताने चालवायचा, २ टन क्षमतेचा आणि ३ मीटर उचलीचा चेन पुली ब्लॉक, म्हणजे साखळी ओढून वजन उचलायचे साधन, घेतला. आम्ही बसवतो ती सहा सिलिंडरची डिझेल इंजिने गिअरबॉक्ससह ९०० किलोच्या आसपास भरतात, म्हणजे कागदावर १ टनी ब्लॉकही चालला असता. पण साखळीला बसणारा हिसका आणि पेटीच्या तळाशी नजरेतून सुटलेला एखादा बोल्ट कागदावर धरलेला नसतो, म्हणून २ टनीच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्लॉकची जमेची बाजू म्हणजे त्याचा ब्रेक. टांगलेल्या वजनाच्या ओढीनेच ब्रेकच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात, त्यामुळे हातसाखळी सोडली तरी इंजिन आहे तिथेच थांबते आणि खाली उतरवायचे ते साखळी उलट ओढूनच, बोटभर अंतरानेसुद्धा. हायड्रा क्रेनने काम लवकर उरकते हे खरे, पण तिच्या हुकाला लटकलेले इंजिन झोके घेते आणि फ्युएल पंप किंवा टर्बो पेटीच्या फळीवर आपटायला एवढासा झोका पुरतो.

पेटीचे झाकण व बाजू काढल्या की इंजिन तळाच्या लाकडी ठोकळ्यांना बोल्टांनी जखडलेले दिसते. ते सगळे बोल्ट काढल्याची खात्री एकाने केली, तरी दुसऱ्याने पुन्हा करावी. त्यानंतर इंजिन जेमतेम दोन इंच उचलून थांबावे. आमच्याकडे गिअरबॉक्सची बाजू तळावरच टेकून राहिली आणि पुढची तेवढी उठली, तेव्हा इंजिन परत टेकवून ब्लॉकचा हुक बीमवरच्या (इंजिनाच्या वर आडव्या राहणाऱ्या, भोके असलेल्या दांड्यावरच्या) शेजारच्या भोकात, गिअरबॉक्सच्या दिशेने सरकवला; दुसऱ्या वेळी दोन्ही टोके एकदम सुटली.

हा बीम ब्लॉकसोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि तिथे काटकसर करू नये. बीमऐवजी एकाच हुकातून वजन उचलायचे दोन पट्टे इंजिनाच्या दोन कड्यांना लावले, तर त्यांच्यातील कोन ६० अंश असताना ९०० किलोपैकी सुमारे ५२० किलोचा ताण प्रत्येक पट्ट्यावर येतो. कोन १२० अंशांवर गेला की प्रत्येक पट्टा पूर्ण ९०० किलो ओढतो, शिवाय दोन्ही कडी आतल्या बाजूला वाकू पाहतात. शेडचे छत बुटके असले की पट्टे आखूड घेण्याचा मोह होतो आणि कोन नेमका तिथेच फाकतो. बीमच्या दोन टोकांपासून पट्टे सरळ खाली उतरत असल्याने ही अडचण राहत नाही. आम्ही २ टनी हिरवे पट्टे वापरतो; कडेची शिवण उसवलेला पट्टा सरळ कापून टाकतो, नाहीतर कोणीतरी तो पुन्हा काढतोच.

आता तक्रारी. खालच्या हुकाच्या सेफ्टी लॅचची (हुकाचे तोंड बंद ठेवणाऱ्या खिळीची) स्प्रिंग इतकी मऊ निघाली की पट्टा सैल पडताच लॅच अर्धवट उघडी राहायची, आणि ती बदलून मिळेपर्यंत आम्ही ब्लॉक वापरला नाही. चाचणी प्रमाणपत्रही विक्रेत्याकडून मागून मागून मिळवावे लागले. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम २९ नुसार कारखान्यातील अशा साधनांची १२ महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी लागे. आमचे वर्कशॉप लहान असले तरी हा शिरस्ता आम्ही पाळतो आणि त्यासाठी मूळ कागद हाताशी लागतो. साखळीला तेल द्या, ब्रेकच्या चकत्यांना मात्र तेलाचा थेंबही लागू देऊ नका, ही खाऱ्या हवेत सर्वांत कामाची असलेली सूचना पत्रकात बारीक अक्षरांत शेवटी छापली आहे.

ब्लॉक घ्यावा, जरूर घ्यावा. मात्र आधी तो कशाला टांगणार ते पाहावे. कौलारू शेडच्या वाशाला किंवा पत्र्याखालच्या अँगलला तो टांगू नये. पक्का गर्डर नसेल तर चाकांची लोखंडी गँट्री (दोन्ही बाजूंच्या पायांवर आडवी तुळई असलेली चौकट) भाड्याने आणावी आणि इंजिन वर असताना ती ढकलू नये. पेटीच खालून ओढून काढावी व इंजिन तिथेच स्टँडवर उतरवावे.