जांभ्याचं घर म्हणून घेतलं, भिंतीतून राखाडी भुकटी निघाली

पुस्तकांचं कपाट भिंतीला ठोकायचं होतं म्हणून गावातल्या गवंड्याला बोलावलं. दिवाणखान्याची ती भिंत गिलावा न करता मुद्दाम उघडी ठेवलेली, लालसर जांभ्याची, म्हणजे कोकणातल्या लाल दगडाच्या चिऱ्यांची. कचरा जमिनीवर पडू नये म्हणून मी खाली वर्तमानपत्र धरून उभी होते. ड्रिल सुरू झालं तशी तांबडी भुकटी पडायला लागली. बोटाच्या पेराएवढं ड्रिल आत गेलं असेल नसेल, भुकटीचा रंग बदलला. लाल ढिगावर राखाडी पडत राहिली.

गवंड्याने ड्रिल बंद केलं. भोकात खिळा घालून खरवडलं आणि म्हणाला, "ताई, हा चिरा नाय. चिरा असता तर शेवटपर्यंत लालच आलं असतं. वरून टाइल चिकटवलीय, आत सिमेंटचा ब्लॉक आहे."

हा जून २०२४ चा प्रसंग. घराचा ताबा घेऊन सहा महिने झाले होते. ८६ लाख रुपये देऊन झाले होते. मी डोंबिवलीच्या एका शाळेत २८ वर्षं भूगोल शिकवला. ह्यांची नोकरी बँकेतली. दोघांच्या निवृत्तीचे पैसे, शिवाय गावच्या वडिलोपार्जित घराच्या वाट्याचे पैसे, सगळं या घरात घातलं. कमीत कमी सिमेंट, जवळच्या खाणीचा दगड, पावसाचं पाणी, आपलं सांडपाणी आपल्याच झाडांना, असं घर असावं ही आमची फार जुनी इच्छा. नेमकी तीच आम्हाला विकली गेली.

दापोली तालुक्यात, समुद्रापासून थोड्या अंतरावर, फक्त सहा बंगल्यांचा प्रकल्प. माहितीपत्रकावर 'बुटीक इको होम्स' असं लिहिलेलं. भिंती स्थानिक जांभ्याच्या, गिलावा चुन्याचा, जमिनीखाली २० हजार लिटरची पावसाच्या पाण्याची टाकी, सांडपाणी शुद्ध करायला कर्दळीचा वाफा. शेजारच्या गावात तेवढ्याच आकाराचा साधा बंगला ६८ लाखांना मिळत होता. आम्ही तसं बोलून दाखवल्यावर बिल्डर म्हणाला, "काकू, चिऱ्याला आणि चुन्याला हात लागतात, वेळ लागतो. ते अठरा लाख त्याचे आहेत." मला ते पटलं, कारण खऱ्या कामाच्या बाबतीत ते खरंच आहे. जांभा भट्टीत भाजावा लागत नाही, खाणीतून कापून थेट भिंतीत बसतो. चिऱ्याची जाड भिंत उन्हाळ्यात घर थंड ठेवते. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, आणि कोकणात त्याचं मोल काय हे इथे पावसाळा काढलेल्या माणसाला सांगायला नको.

बांधकाम बघायला आम्ही चार वेळा गेलो. प्रत्येक वेळी रविवार ठरवला जायचा. रविवारी काम बंद. दोन वेळा भिंतींवर निळं प्लास्टिक होतं, "क्युरिंग चालू आहे" म्हणून, म्हणजे पाणी मारून काम पक्कं करणं. आता आठवलं की जीव तळमळतो, कारण तेव्हा काय शोधायचं तेच माहीत नव्हतं. चुन्याचं काम असेल तर साइटवर चुना भिजवायची टाकी किंवा खड्डा असतो. चुना काही दिवस मुरवावा लागतो. तिथे तसं काही नव्हतं, नुसत्या सिमेंटच्या गोण्या होत्या. जांभ्याचं काम असेल तर चिऱ्यांची रास लागलेली असते. एकेक चिरा सव्वा फुटाच्या आसपास लांब आणि चांगला वजनदार, कुठे लपणार तो? मी खोक्यांतून आलेल्या टाइल्स पाहिल्या आणि त्या फरशीच्या असतील असं समजून पुढे गेले.

गवंड्याने त्याच दिवशी मला घराचा बाहेरचा कोपरा दाखवला. हे एवढं तरी प्रत्येकाने लक्षात ठेवा. खऱ्या चिऱ्याच्या भिंतीत कोपऱ्यावरचा एकच दगड दोन्ही बाजूंनी दिसतो. एका थरात त्याची लांब बाजू इकडे, पुढच्या थरात तिकडे, म्हणजे सांधमोड केलेली असते. आमच्या कोपऱ्यावर वरपासून खालपर्यंत एक सरळ उभी रेघ होती, दोन पातळ तुकडे काटकोनात भिडवल्याची. मग त्याने बोटाच्या पेराने भिंत ठोकली. काही ठिकाणी आवाज भरीव येत होता, काही ठिकाणी पोकळ. जुलैत त्या पोकळ जागांमध्ये पाणी शिरलं आणि पश्चिमेच्या भिंतीवरच्या दोन टाइल्स खाली पडल्या. त्यातली एक मी जपून ठेवली आहे. पाठीवर चिकटवायच्या सिमेंटचे कंगव्यासारखे ओरखडे आहेत तिच्या.

त्यानंतर आम्ही एकेक गोष्ट उकरायला लागलो. छताच्या पन्हळीचा पाइप खाली फरशीत जात होता आणि तिथे टाकीचं लोखंडी झाकण होतं. झाकण उघडलं तर तीन फुटांचा चौकोनी चेंबर, तळाला खडी. टाकी नाहीच. दापोलीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमचं छप्पर ११० चौरस मीटरचं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे मी मुलांना फळ्यावर शिकवायचे. वाया जाणारं सोडलं तरी अडीच लाख लिटरच्या वर पाणी आमच्या छतावरून वाहून गेलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही टँकर मागवले होते.

कर्दळीचा वाफा मात्र होता, फुललेला, फोटोत छान दिसणारा. घरातलं सांडपाणी त्यात येतच नव्हतं. पाइप वाफ्याच्या बाजूने थेट शोषखड्ड्यात गेला होता आणि आमची बोअरवेल तिथून जेमतेम तीस फुटांवर. जांभा सच्छिद्र असतो, सांडपाणी त्यातून झपाट्याने पसरतं. पाणी तपासून घेतलं तेव्हा कोलिफॉर्म जिवाणू निघाले. ह्यांना मार्चमध्ये दोनदा पोटाचा त्रास झाला होता. आम्ही तो बाहेरच्या खाण्यावर ढकलला होता.

बिल्डरला फोन केला. तो चिडला नाही की टाळाटाळही केली नाही. "काकू, ॲग्रीमेंट वाचा," एवढंच म्हणाला.

वाचलं. माहितीपत्रकात 'जांभ्याच्या भिंती' होत्या, नोंदणीकृत करारनाम्याच्या परिशिष्टात 'जांभा फिनिश'. तिथे 'चुन्याचा गिलावा', इथे 'लाइम-बेस्ड फिनिश'. टाकीच्या जागी 'पर्जन्यजल व्यवस्था', आकडा नाही. वाफ्याच्या जागी 'सांडपाण्याची इको-फ्रेंडली पद्धतीने विल्हेवाट'. आमच्या वकिलांनी सातबारा, फेरफार, अकृषिक परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र असं सगळं चोख तपासलं होतं आणि जमिनीत खोट नव्हतीच. परिशिष्ट कुणीच नीट वाचलं नाही, मीही नाही. 'फिनिश' या एका शब्दात आमचे अठरा लाख गेले.

फाटकावर हिरव्या पानाची पाटी आहे, 'आयजीबीसी रजिस्टर्ड'. आयजीबीसी म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, पर्यावरणपूरक इमारतींना प्रमाणपत्र देणारी संस्था. ती खरी आहे, २००१ पासून काम करते आहे. पण तिच्याकडे प्रकल्पाची नोंदणी करणं म्हणजे प्रमाणपत्रासाठी नाव घालणं. बांधकामापूर्वी नकाशांवर मिळतं ते प्राथमिक प्रमाणपत्र आणि बांधकाम झाल्यावर मिळतं ते अंतिम. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम या श्रेणींना खरा अर्थ असतो तो अंतिम प्रमाणपत्रावर. बिल्डरने नोंदणीच्या पुढे पाऊलच टाकलं नव्हतं. ताबा घेताना अंतिम प्रमाणपत्राची प्रत मागितली असती तर हे एका दिवसात कळलं असतं. 'गृह' या अशाच दुसऱ्या मानांकनाचे तारे दाखवणाऱ्यांकडेही अंतिम कागदच मागा.

महारेराचं, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, आम्ही सुरुवातीलाच विचारलं होतं. उत्तर मिळालं, "आठपर्यंत घरांना नोंदणी लागत नाही." कायदा तसं म्हणतो खरा, पण त्यातली आठ घरं सगळे टप्पे मिळून मोजायची असतात. ओढ्याच्या पलीकडे याच प्रकल्पाचा दुसरा टप्पा आता सुरू झालाय, त्याच नावाने, पाच बंगल्यांचा. सहा आणि पाच किती होतात ते त्यालाही कळतं. प्रकल्पाची नोंदणी झालेली नाही म्हणून आम्ही महारेराकडे वेगळी तक्रार केली आहे. करारनामा नोंदवण्याआधी त्याने आमच्याकडून २७ लाख घेतले होते. रेरा कायद्यात ही मर्यादा १० टक्के आहे, म्हणजे आमच्या बाबतीत ८ लाख ६० हजार.

मुख्य दावा राज्य ग्राहक आयोगात लावला, कारण ५० लाखांच्या वर आणि २ कोटींपर्यंतचे व्यवहार तिकडे जातात. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, त्यामुळे बिल्डर "बघतो, करून देतो" म्हणत राहिला तरी महिने मोजत राहा. आमची बाजू जी काही भक्कम आहे ती तीन गोष्टींमुळे. माहितीपत्रक ह्यांनी फाइलला लावून ठेवलं होतं. "भिंती पूर्ण जांभ्याच्या आहेत ना?" या माझ्या व्हॉट्सॲपवरच्या प्रश्नाला त्याने "१०० टक्के" असं उत्तर दिलं होतं. आणि दुरुस्तीला हात लावण्याआधी आम्ही एका स्वतंत्र इंजिनिअरला बोलावून सहा ठिकाणी भिंत कापून फोटोंसह अहवाल घेतला. शेजारच्या कुटुंबाने घाईने टाइल्स पुन्हा चिकटवून घेतल्या, आता त्यांना दाखवायला काही उरलेलं नाही. त्यांना दोष देत नाही, पावसात घर गळत असताना कोण थांबणार?

दावा चालू आहे. तारखा पडतात. शोषखड्डा बंद करून पाइप वाफ्याकडे वळवायचं काम आम्ही पदरचे पैसे घालून केलं. पिण्याचं पाणी अजून बाहेरून आणतो.

गेल्या महिन्यात एक तरुण जोडपं दुसऱ्या टप्प्यातला बंगला बघायला आलं होतं. मुलगी पुण्यात आर्किटेक्चर शिकलेली, फाटकावरच्या पाटीचा फोटो काढत होती. मी दोघांना आत बोलावलं, चहा दिला आणि ती पडलेली टाइल तिच्या हातात ठेवली. तिने उलटी करून पाठीवरचे ओरखडे पाहिले. मग न बोलता बाहेर गेली आणि कोपऱ्यावरच्या उभ्या रेघेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवत राहिली. नवरा विचारत होता, "काय झालं?" ती म्हणाली, "आधी बुकिंगचा चेक थांबव, मग सांगते."