तैवानी प्रेमकथा: आधी मालिका की आधी सिनेमा?

कोरियन मालिका मनसोक्त बघून झालेली ओळखीची माणसं हल्ली मला हमखास विचारतात, की तैवानचं काही हलकंफुलकं, प्रेमाचं बघायचंय, तर मालिकेपासून सुरुवात करू की सिनेमापासून? हा प्रश्न माझ्याही पुढे होता. लॉकडाउनच्या पहिल्या उन्हाळ्यात बायको आणि मी मालिकांच्या वाटेने तैवानात शिरलो. वर्ष-दीड वर्षाने मी सिनेमाच्या बाजूला सरकलो, ती मालिकेकडेच राहिली. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं आमच्या जेवणानंतरच्या वादांतून आलं आहे.

नट कोण, किती भाग, कुठल्या ॲपवर मिळतं, हे तुम्ही शोधालच. 2001 च्या 'मीटिअर गार्डन'चं नावही ऐकलं असेल. जपानी मांगावर, म्हणजे चित्रकथेवर बेतलेल्या त्या मालिकेने तैवानच्या 'आयडॉल ड्रामा'ला, म्हणजे देखण्या तरुण नटनट्यांच्या प्रेममालिकांना, आशियाभर प्रेक्षक मिळवून दिला. तिची नायिका झालेली बार्बी शू फेब्रुवारी 2025 मध्ये गेली, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस तिच्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

तुलनेसाठी मला 2011 हे वर्ष सोयीचं वाटतं, कारण दोन्ही बाजूंचं नाणं त्याच वर्षी खणखणीत वाजलं. मालिकांमध्ये 'इन टाइम विथ यू' आली आणि सिनेमांमध्ये 'यू आर द ॲपल ऑफ माय आय'. दोन्हींचं मूळ शाळेतल्या ओळखीत आहे, दोन्हींत वर्षं सरतात, आणि जे बोलायला हवं ते वेळेवर बोललं जात नाही.

आधी मालिकेची बाजू मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. 'इन टाइम विथ यू'मध्ये चेंग यौ-छिंग चपला-बुटांच्या कंपनीत काम करते, तिचा शाळेपासूनचा मित्र ली ता-रन विमानतळावर. दोघं तिशीला टेकलेले. 'म्हातारपण सुरू झाल्याची लक्षणं' ही त्या मालिकेतली कल्पना तैवानात लोकांच्या बोलण्यात रुळली. कालचं आठवत नाही आणि जुनं मात्र लख्ख आठवतं, अशा जातीची ती लक्षणं. एरियल लिन आणि चेन पो-लिन यांनी ही मैत्री अशी उभी केली आहे की त्यांचं फोनवरचं साधं बोलणंही मी कान देऊन ऐकतो. 2012 च्या गोल्डन बेल या तैवानी टीव्ही पुरस्कारांत मालिकेला 7 पुरस्कार मिळाले, त्यात दोघांच्या अभिनयाचेही होते. हे असं मुरलेलं नातं दोन तासांत दाखवणं अवघड आहे. त्यासाठी या मालिकेच्या 13 भागांच्या 13 रात्रीच लागतात, हे मी मान्य करतो.

आणखी एक गोष्ट मराठी प्रेक्षकाला लगेच भावेल. तैवानी मालिका संपते. आपल्याकडे रोज साडेसातला लागणारी मालिका दोन-तीन वर्षं चालते, नायिकेची सासू बदलते, गाव बदलतं, कधी नायिकाच बदलते. तिकडे आठवड्याला एक भाग, तासाच्या वर लांबीचा, आणि तेरा किंवा वीस-पंचवीस भागांत निरोप. सुरुवात केली तर शेवट गाठता येईल हा भरवसा मोठा असतो. बायकोचा पहिला मुद्दा हाच असतो आणि तो मला खोडता येत नाही.

मग मी मालिकेकडून का हललो? कारण एकच, आणि ऐकायला ते किरकोळ वाटेल: परत परत दाखवलेली तीच दृश्यं.

आठवड्याने येणाऱ्या भागात मागचं थोडं आठवून द्यावंच लागतं. रविवारी बघितलेलं पुढच्या रविवारी धूसर झालेलं असतं. शिवाय त्या काळात तैवानात पुष्कळ मालिका एकीकडे दाखवल्या जात आणि दुसरीकडे त्यांचं चित्रीकरण चालू असे. अशा घाईत जुनी दृश्यं हाताशी तयार असतात, त्यावर शीर्षकगीताचं कडवं टाकलं की तीन-चार मिनिटं भरतात. हा माझा अंदाज आहे, पण बघताना तो पटत जातो. तेव्हाच्या प्रेक्षकाला ते खटकलं नसेलही. आपण मात्र एका बैठकीत दोन-तीन भाग बघतो. पावसातली छत्री आपण पाऊण तासापूर्वीच बघितलेली असते. नायिका खिडकीशी येते, पियानो सुरू होतो, आणि मला कळतं की आता पुन्हा ती छत्री येणार.

एका मालिकेत, नाव सांगत नाही कारण बाकी ती गोड आहे, एका शनिवारी रात्री मी ही छत्री मोजायला लागलो. सलग चार भागांत ती पाच वेळा आली. पहिल्यांदा बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पाचव्यांदा आली तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि परत आलो तरी ती चालूच होती. नुकसान इथे होतं असं मला वाटतं. वेळ वाया जाण्याचं मला फारसं दुःख नाही. जे दृश्य माझ्या मनात आपोआप वाढलं असतं, ते मालिकेने स्वतःच उगाळून संपवलं, याचं आहे. प्रेमकथेत आठवणीचं काम प्रेक्षकावर सोडायचं असतं. मला स्वतःहून ती छत्री आठवली असती, तर ती माझी झाली असती.

बायको म्हणते, दहा-दहा सेकंदांनी पुढे ढकलायची सोय आहे की. आहे, पण ढकलता ढकलता कुठेतरी नवीन संवादही निसटतो, मग मागे या. आणि हात सतत रिमोटवर असला की मन त्या घरात, त्या गल्लीत रमत नाही. तिचं रमतं. माणसामाणसांत फरक असतो.

यातून मी सिनेमांकडे गेलो, तर तिकडेही सुरुवातीला निराशा झाली, हे लपवत नाही. 'यू आर द ॲपल ऑफ माय आय' गिडन्स को या लेखक-दिग्दर्शकाने स्वतःच्या कादंबरीवरून, स्वतःच्या चांगहुआ गावात केला. सुरुवातच होते ती लग्नाला निघायच्या तयारीने, आणि मग कथा मागे शाळेत जाते. वर्गातली हुशार मुलगी पुढे बसलेल्या उनाड मुलाच्या पाठीत पेन टोचते आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर निळ्या शाईचे ठिपके जमत जातात. किती कमी सामानात सांगितलंय! शाईचे डाग आईला सापडू नयेत म्हणून शर्ट बादलीच्या तळाशी दडपणाऱ्या कुणालाही ते कळेल. पण त्यातली मुलांची वात्रट विनोदाची दृश्यं लांबतात आणि सगळ्यांनाच ती रुचतील असं नाही. बायकोने अर्ध्या तासात पुस्तक हातात घेतलं होतं.

त्याच्या यशानंतर शाळेच्या आठवणींचे सिनेमे तैवानात बरेच आले. 2015 चा 'अवर टाइम्स' त्यातला सगळ्यात लाडका. दिग्दर्शिका चेन यू-शान मालिकांच्या निर्मितीतून आलेल्या, आणि ते जाणवतं: सव्वादोन तासांत दोन प्रेमकथा, एक गुपित, हाँगकाँगचा नट-गायक अँडी लाउ याचं वेड आणि शेवटी खुद्द अँडी लाउ. मला तो आवडतो, तरी असे सलग तीन बघितले की सगळे गणवेश एकाच शिंप्याने शिवलेत असं वाटायला लागतं. सिनेमाची वाट धरणाऱ्याने हा धोका ध्यानात ठेवावा.

मात्र पारडं माझ्यासाठी जिथे झुकलं, ते दोन सिनेमे शाळेबाहेरचे आहेत.

पहिला 2009 चा 'हिअर मी', दिग्दर्शिका चेंग फेन-फेन. त्या वर्षी तैपेईत कर्णबधिरांचं ऑलिंपिक भरलं, त्याच्या तोंडावर हा आला. आईवडिलांच्या खानावळीतले डबे स्कूटरवरून पोचवणारा मुलगा जलतरण तलावावर येतो आणि तिथे सराव करणाऱ्या कर्णबधिर मुलीच्या बहिणीच्या प्रेमात पडतो. दोघं खुणांच्या भाषेत बोलतात. त्यामुळे सिनेमाचा मोठा भाग आवाजाशिवाय आहे, आणि इथे तैवानी गोष्टींची एक जुनी अडचण आपोआप सुटते. एरवी त्यांच्याकडे तरुण मंडळी मँडरिन बोलतात आणि आईवडील, भाजीवाले, शेजारी मध्येच तैवानी होक्कियनवर येतात. हशा नेमका त्या वळणावर पिकतो. आपल्याकडे प्रमाण मराठीत चाललेल्या गप्पांत कुणी अस्सल मालवणीत एक वाक्य टाकावं, तसं ते असतं. इंग्रजी उपशीर्षकांत दोन्ही भाषा एकाच रंगाच्या होतात आणि आपण का हसायचं ते कळत नाही. मालिकांत हे फार होतं, कारण त्यांतला निम्मा विनोद घरच्या जेवणाच्या टेबलावर घडतो. 'हिअर मी'मध्ये हात आणि चेहरे बोलतात, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की मी मधल्या माणसाशिवाय ऐकतोय.

दुसरा 2020 चा 'माय मिसिंग व्हॅलेंटाइन', चेन यू-शुन यांचा. त्या वर्षीच्या गोल्डन हॉर्स या तैवानच्या चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि मूळ पटकथेसह 5 पुरस्कार. पोस्टाच्या खिडकीमागे बसणारी एक तिशीतली बाई, जी सगळ्या बाबतीत जगाच्या अर्धं पाऊल पुढे असते. फोटो काढताना तिचे डोळे आधीच मिटलेले, सिनेमागृहात ती इतरांच्या आधी हसते. रोज पत्र टाकायला येणारा एक बसचालक, जो सगळ्यात अर्धं पाऊल मागे. एक दिवस ती उठते तर तिचा प्रेमिकांचा दिवस हरवलेला असतो, आणि अंग उन्हाने रापलेलं.

पुढे काय होतं ते सांगत नाही, पण हा सिनेमाही मागे जातो. तोच दिवस, तेच रस्ते, तोच समुद्रकिनारा पुन्हा दाखवतो. फरक असा, की पहिल्यांदा जे आपल्याला दिसलं नव्हतं तेवढंच दुसऱ्यांदा दिसतं. मागे वळण्याची युक्ती मला मालिकांमध्ये नकोशी झाली होती, आणि त्याच युक्तीवर एक अख्खा सिनेमा उभा राहिलेला पाहून मी कितीतरी वेळ नावं सरकताना बघत बसलो. माझ्यापुरता निकाल त्या रात्री लागला.

बायकोचा यावरचा आक्षेप इथे नोंदवायलाच हवा, कारण तो वजनदार आहे. उत्तरार्धात एक लांब प्रसंग आहे, ज्यात त्या बाईला काहीच कळत नसताना तिच्याबाबतीत निर्णय घेतले जातात. सिनेमा ते हळुवारपणे दाखवतो, पण तिला विचारलेलं नाही हे खरंच आहे. मी एवढंच म्हणतो, की जुन्या आयडॉल मालिकांतला नायक तर नायिकेचं मनगट धरून तिला रस्त्याने ओढत नेतो आणि मागे गाणं वाजतं. हा दोष दोन्हीकडचा आहे. तुम्हाला तो सहन होत नसेल तर 2005 च्या आसपासच्या मालिका जपून निवडा, आणि या सिनेमाचा उत्तरार्ध मनाची तयारी ठेवून बघा.

आणि माझ्या तक्रारीला एक मालिका ठामपणे अपवाद आहे. 2019 अखेरीस सुरू झालेली 'समडे ऑर वन डे', तीही 13 भागांची. विनोद कमी, गूढ जास्त, म्हणून ती आजच्या विषयात काठावर बसते. पण तैवानी रॉक गायक वू पाय यांचं जुनं गाणं कॅसेट प्लेअरमध्ये लागतं आणि कथा 1998 च्या ताइनान शहरात उतरते, तेव्हा पुन्हा दिसणारं प्रत्येक दृश्य आधीच्या दृश्याचा अर्थ बदलून जातं. सगळ्या मालिका अशा असत्या तर हा लेख मी उलट बाजूने लिहिला असता.

तर तुम्ही काय करावं? रोज रात्री जेवणानंतर सोबतीला कुणीतरी हवं असेल, तीच माणसं उद्याही भेटावीत असं वाटत असेल, आणि तीच छत्री पुन्हा दिसली तरी बरं वाटत असेल, तर 'इन टाइम विथ यू' लावा. तुम्हाला ती आवडेल, आणि त्यात चुकलं असं मी अजिबात म्हणणार नाही. पण शनिवारची एकच संध्याकाळ हातात असेल, किंवा मालिका अर्धवट सोडायची सवय असेल, तर 'हिअर मी'पासून सुरू करा आणि पुढच्या शनिवारी 'माय मिसिंग व्हॅलेंटाइन'. शाळेचे सिनेमे त्यानंतर, एका महिन्यात एक. मला विचाराल तर हा दुसरा रस्ता धरा.

आमच्याकडे सध्या 'इन टाइम विथ यू' तिसऱ्यांदा चालू आहे. मी बाहेरच्या खोलीत वाचत असतो. ता-रन फोन उचलतो तो आवाज आला, की पुस्तक मिटून आत जाऊन बसतो, आणि पियानो सुरू झाला की बायको न सांगता रिमोट माझ्याकडे देते.